स्ट्रोकनंतर मेंदूत नेमकं काय घडतं? आधी ऊर्जा संपते, मग दाह भडकतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्ट्रोक परिषदेत चीनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. 'एम्फसिस' नावाच्या या चाचणीत १,७०० हून अधिक रुग्ण होते. त्यांना स्ट्रोक येऊन ७२ तास उलटायच्या आत मिनोसायक्लिन नावाची गोळी सुरू करण्यात आली. हे काही नवं, महागडं औषध नाही. त्वचारोगतज्ज्ञ मुरमांवर वर्षानुवर्षं लिहून देतात, तेच हे जुनं अँटिबायोटिक.

९० दिवसांनी पाहिलं तेव्हा गोळी घेतलेल्यांपैकी ५२.६ टक्के रुग्ण जवळपास पूर्वीसारखं आयुष्य जगत होते. ज्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे पाच जण जास्त सावरले.

आकडा छोटा वाटेल, पण मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी त्याकडे कान टवकारून पाहिलं. कारण स्ट्रोकनंतर मेंदूत उसळणारा दाह शांत करायचे प्रयत्न गेली पंचवीसेक वर्षं सुरू आहेत आणि त्यातले बहुतेक फसले आहेत.

हा दाह म्हणजे काय? तो का होतो? आणि ज्याच्या घरात बीपी किंवा शुगरचा पेशंट आहे, त्याने यातून काय घ्यायचं? सविस्तर समजून घेऊया.

स्ट्रोक म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे याला लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू अशी नावं आहेत. गावाकडे 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. पण वाऱ्याचा याच्याशी संबंध नाही आणि बिघाड हातापायातही नसतो. तो मेंदूत असतो.

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली, तर त्याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. वाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरलं, तर तो रक्तस्रावाचा स्ट्रोक. बहुतांश रुग्णांमध्ये पहिला प्रकार आढळतो. या लेखात आपण त्याच प्रकाराबद्दल बोलणार आहोत.

जगभरात २०२१ या एका वर्षात साधारण १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने स्ट्रोक आला आणि त्याने सुमारे ७३ लाख लोकांचा जीव घेतला. भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना तो गाठतो.

मेंदूला इतकी ऊर्जा का लागते?

माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो. पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू खातो, अगदी तुम्ही झोपलेले असतानाही.

यातली बरीचशी ऊर्जा एका कामावर खर्च होते. प्रत्येक चेतापेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात. ते सोडियम बाहेर फेकतात आणि पोटॅशियम आत घेतात. हे पंप चालू असतील तरच पेशी संदेश पाठवू शकते. पंपांना लागणारं इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. पेशी ग्लुकोज आणि ऑक्सिजन वापरून तो क्षणोक्षणी तयार करते.

अडचण अशी की मेंदूकडे साठा जवळपास नसतो. स्नायूंकडे आणि यकृताकडे साखरेचा बऱ्यापैकी साठा असतो, चरबी असते. मेंदूचं मात्र हातावर पोट आहे. रक्त येत राहिलं तरच त्याचं चालतं.

ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे तीसच्या आसपास रेणू मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त दोन, आणि वर लॅक्टिक आम्ल साचतं ते वेगळंच. वारा न लागलेल्या चुलीसारखं हे आहे. आच कमी आणि धूर जास्त.

रक्त थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय होतं?

एटीपी संपला की पंप थांबतात. सोडियम आणि त्यामागोमाग पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. त्याच वेळी ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींमधून बाहेर सांडतं. एरवी ते थोड्या प्रमाणात संदेश पोचवायचं काम करतं. पण एवढ्या प्रमाणात सांडलं की ते शेजारच्या पेशींना चेतवत राहतं, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरायला लागतात. एका पेशीचं मरण असं शेजारणीवर जातं.

अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. मोठी वाहिनी बंद पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्या सरासरी १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात, असं त्यांचं गणित सांगतं.

पण सगळा भाग एकदम मरत नाही. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत राहतात. १० च्या आसपास आलं की पंपच बंद पडतात आणि पेशी मरतात. या दोन पातळ्यांच्या मध्ये अडकलेल्या भागाला 'पेनम्ब्रा' म्हणतात.

गावात व्होल्टेज कमी झालं की बल्ब मिणमिणतो. तो गेलेला नसतो. वेळेत वीज पूर्ववत झाली तर पुन्हा लख्ख पेटतो. पेनम्ब्राचंही तसंच आहे. रुग्णाचा हात हलत नाही, शब्द फुटत नाही, पण ते काम करणाऱ्या पेशींपैकी अनेक अजून जिवंत असतात. स्ट्रोकच्या उपचारांची सगळी धावपळ या भागासाठी असते.

मग दाह कुठून येतो?

बोट कापलं की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. रोगप्रतिकारक यंत्रणा तिथे कामाला लागल्याची ही खूण असते. हाच दाह. मेंदूतही तो होतो आणि त्याची सुरुवात ऊर्जेच्या टंचाईतूनच होते.

पेशीच्या आत असतो तोवर एटीपी हे इंधन असतं. पेशी फुटली आणि तोच एटीपी बाहेर सांडला, की तो धोक्याची घंटा बनतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. एरवी त्या आसपासची झाडलोट करतात, मोडतोड तपासतात. बाहेर सांडलेला एटीपी आणि मेलेल्या पेशींचे तुकडे त्यांना लागले की त्या खवळतात. इंटरल्युकिन-१ बीटासारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात.

काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, तिथे पोचतात. त्यांच्यातून निघणारी विकरं रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत पोखरतात. मग रक्तातला द्रव मेंदूत झिरपू लागतो.

मोठ्या स्ट्रोकमध्ये ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सर्वात जास्त असते. कवटी हाडाची असल्याने सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा मिळत नाही. 'पहिल्या दिवशी बोलत होते, तिसऱ्या दिवशी एकदम गुंगीत गेले' असं नातेवाईक सांगतात. त्यामागे अनेकदा ही सूज असते. अशा वेळी दरवेळी हलगर्जी झालेली असतेच असं नाही. म्हणूनच मोठ्या स्ट्रोकच्या रुग्णाला पहिले काही दिवस बारीक देखरेखीत ठेवतात.

थोडक्यात, ऊर्जेची टंचाई काही मिनिटांत नुकसान करते, तर दाह काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत आपलं काम करत राहतो.

दाह एवढा वाईट, तर तो थांबवतच का नाहीत?

कारण दाह सगळाच वाईट नसतो. मेलेल्या पेशींचा ढिगारा कुणीतरी उपसायला हवा. नव्या रक्तवाहिन्या, नवे जोड तयार व्हायला हवेत. हे कामही मायक्रोग्लिया आणि त्यांच्या जोडीदार पेशीच करतात. सुरुवातीला जाळपोळ करणारेच पुढे डागडुजीला उभे राहतात, असा हा प्रकार आहे.

गेल्या काही वर्षांत संशोधकांचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं आहे. या पेशी कोणत्या भूमिकेत जातील हे बऱ्याच अंशी त्या ऊर्जा कशी तयार करतात यावरही अवलंबून असतं. खवळलेली मायक्रोग्लिया झटपट, ऑक्सिजनविना साखर तोडण्यावर भर देते. डागडुजी करणारी मायक्रोग्लिया मायटोकाँड्रियामधल्या, म्हणजे पेशीतल्या वीजघरातल्या, संथ पण जास्त ऊर्जा देणाऱ्या मार्गावर विसंबते. चित्र इतकं काळं-पांढरं नाही आणि यातलं बरंचसं ज्ञान प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलं आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. ऊर्जा आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आणखी एक पेच आहे. मेंदूत दाह भडकलेला असताना उरलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र काही दिवस मंदावते. त्यात गिळण्यात अडचण असेल तर लाळ, पाणी, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी प्रतिकारशक्ती सरसकट दाबणारं औषध दिलं, तर मेंदू वाचवताना फुप्फुस गमवायची वेळ येऊ शकते.

आधीची औषधं का फसली?

२००१ मध्ये एन्लिमोमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणं हे त्याचं काम. कागदावर कल्पना बरोबर होती. प्रत्यक्षात औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. हे औषध उंदरापासून मिळवलेलं प्रतिपिंड होतं आणि त्याने रुग्णांमध्ये ताप आणि संसर्ग वाढवले.

एनएक्सवाय-०५९ हे औषध ऊर्जेच्या गोंधळात तयार होणारे घातक ऑक्सिजन रेणू निष्प्रभ करण्यासाठी होतं. २००६ मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत ते चाललं आणि बराच गाजावाजा झाला. २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही.

२०२० मध्ये नेरिनेटाइडची पाळी आली. ग्लुटामेटमुळे होणारं नुकसान रोखणारं हे औषध. एकूण रुग्णांमध्ये त्याचा फायदा दिसला नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ज्यांना दिलं होतं, त्यांच्या शरीरात या औषधाचेच तुकडे होत होते, असं संकेत देणारे आकडे समोर आले.

या अपयशांमागची कारणं साधारण सारखी आहेत. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण आणि धडधाकट असतो आणि त्याला औषध ठरल्या वेळी मिळतं. खरा रुग्ण साठी-सत्तरीचा असतो, त्याला बीपी, शुगर असते आणि तो काही तासांनी दवाखान्यात पोचतो. वाहिनीच बंद असेल तर औषध हव्या त्या जागी पोचणार कसं, हाही प्रश्न आहे. आणि पहिल्या दिवशी जे रोखायला हवं, तेच दहाव्या दिवशी हवं असतं.

मग मिनोसायक्लिनमध्ये वेगळं काय?

ते संरक्षक भिंत ओलांडून मेंदूत शिरतं. मायक्रोग्लियाचा भडका कमी करतं आणि भिंत पोखरणाऱ्या विकरांनाही आवर घालतं. ते मोजके दिवसच द्यायचं असल्याने डागडुजीच्या काळात आड येण्याची भीती कमी. शिवाय जुनं असल्याने त्याचे दुष्परिणाम डॉक्टरांना ठाऊक आहेत.

तरीही ही चाचणी एकाच देशातली आहे. एनएक्सवाय-०५९ चा अनुभव डोळ्यांसमोर असताना एका चाचणीवर विसंबून कुणी उपचार बदलत नाही. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या रुग्णांवर हाच निकाल यायला हवा. तोवर मेडिकलमधून ही गोळी आणून घरात ठेवण्यात काही अर्थ नाही. रुग्णाने ती स्वतःच्या मनाने घेणं तर धोक्याचंच.

ऊर्जेच्या बाजूनेही काम सुरू आहे. २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की स्ट्रोकनंतर उंदरांच्या मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी आपले मायटोकाँड्रिया चेतापेशींना देतात. पुढे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुग्णाच्याच स्नायूतले मायटोकाँड्रिया काढून मेंदूच्या वाहिनीत सोडण्याची पहिली चाचणी झाली. ती मोजक्या रुग्णांवर आणि फक्त सुरक्षितता पाहण्यासाठी होती. उपचार म्हणून ती अजून फार दूर आहे.

आज हातात काय आहे?

आजचा सर्वात खात्रीचा उपाय एकच. रक्तपुरवठा लवकरात लवकर सुरू करणं. ऊर्जा परत आली की पुढचा दाहही कमी होतो, कारण धोक्याची घंटा वाजवणाऱ्या मेलेल्या पेशीच कमी असतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी बाहेर काढतात. निवडक रुग्णांमध्ये हे २४ तासांपर्यंतही करता येतं, हे चाचण्यांतून दिसलं आहे. काहींच्या मेंदूला आडवाटेच्या वाहिन्यांतून थोडं रक्त मिळत राहतं आणि त्यांचा पेनम्ब्रा जास्त वेळ तग धरतो. पण आपला रुग्ण त्यातला आहे की नाही, हे स्कॅन झाल्याशिवाय कळत नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्ट्रोकसाठी टेनेक्टेप्लेज या औषधाला मंजुरी दिली. आधीचं अल्टेप्लेज तासभर सलाइनमधून द्यावं लागायचं. हे एका इंजेक्शनमध्ये काही सेकंदांत देता येतं. दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तेव्हा हा फरक मोठा ठरतो. विशेष म्हणजे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचं टेनेक्टेप्लेज भारतात स्ट्रोकसाठी त्याच्या काही वर्षं आधीपासून वापरात आहे. म्हणजे औषध आपल्या दाराशी आहे. उशीर होतो तो तिथवर पोचायला.

ताप, साखर आणि गिळणं यांना एवढं महत्त्व का?

ऊर्जा आणि दाहाचं हे सगळं विज्ञान वॉर्डात उतरतं ते तीन साध्या गोष्टींतून.

ताप आला की पेशींची ऊर्जेची गरज वाढते. पेनम्ब्रातल्या पेशी आधीच उपाशी असतात. त्यांना ही वाढीव मागणी परवडत नाही. रक्तातली साखर जास्त असेल तर ऑक्सिजनविना ती आणखी आम्ल तयार करते. धुमसणाऱ्या चुलीत लाकडं कोंबल्यासारखं. आणि गिळता येत नसताना पाजलेलं पाणी न्यूमोनियाला बोलावणं ठरतं.

ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये यावर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. परिचारिकांना पहिल्या ७२ तासांसाठी ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी यांचे ठरावीक नियम शिकवले गेले. जिथे हे झालं तिथे ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व आलेल्या रुग्णांचं प्रमाण ४२ टक्के होतं. जिथे झालं नाही तिथे ५८ टक्के. यात कोणतंही नवं औषध नव्हतं. मिनोसायक्लिनच्या पाच टक्क्यांच्या फरकाशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

साखरेबाबत मात्र अतिरेकही नको. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या 'शाइन' चाचणीत साखर इन्शुलिनने फार काटेकोरपणे खाली ठेवून पाहिली. जास्त फायदा झाला नाही, उलट साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रकार वाढले. मेंदूचं इंधनच साखर आहे, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे जास्तच महत्त्वाचा ठरतो.

घरच्यांनी काय करावं?

- चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर थांबू नका. 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका. काही मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच.
- रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला असेल, तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. डॉक्टर हाच प्रश्न पहिला विचारतात.
- महाराष्ट्रात १०८ वर फोन करा. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. तालुक्याला राहत असाल तर असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा.
- तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकतं.
- लकवा उतरवून देणाऱ्याकडे, मालिशवाल्याकडे किंवा कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे नेऊ नका. तिथे जाणारा प्रत्येक तास पेनम्ब्राच्या हिशेबातून वजा होतो.
- वॉर्डात असताना तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. ताप किती आहे? साखर किती आहे? गिळण्याची तपासणी झाली का? ती होईपर्यंत भेटायला आलेल्या कुणालाही 'घोटभर पाणी' पाजू देऊ नका.

मिनोसायक्लिनवरच्या पुढच्या चाचण्यांचे निकाल काय येतील ते येतील. पण मेंदूची ऊर्जा मिनिटांत संपते आणि दाह दिवसेंदिवस चालतो, एवढं कळलं तरी घरच्यांना दोन्ही टप्प्यांवर काहीतरी करता येतं. पहिल्या टप्प्यावर घाई आणि दुसऱ्यावर देखरेख.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांबाबतचा कोणताही निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)*